नौकेचा प्रवासवेग : मिनिटांचे मोल आणि लिटरांचा हिशेब

हौसेच्या मोटरनौका विकणाऱ्या कंपन्यांच्या माहितीपत्रकात वेगाचे दोन आकडे हमखास छापलेले असतात. पहिला कमाल वेगाचा. तो ठळक असतो. दुसरा प्रवासवेगाचा, म्हणजे तासन्‌तास टिकवून धरता येईल अशा वेगाचा. तो त्याच्या खाली, किंचित बारीक टाइपात असतो. घेणारा पहिल्या आकड्यावर भाळतो आणि दुसरा आकडा कोणा तज्ज्ञाने ठरवून दिला असावा असे गृहीत धरतो. वस्तुतः विक्रेत्याला जो वेग आकर्षक वाटला आणि इंजिनाला जो झेपला, तोच तेथे छापला जातो. त्या नौकेच्या मालकाला कोठे जायचे आहे, बरोबर कोण असणार आहे, डिझेलवर किती खर्च करण्याची त्याची तयारी आहे, यांपैकी कशाचाही त्या आकड्याशी संबंध नसतो. प्रवासवेग ठरवण्याचे काम मालकाचे आहे आणि ते नौका विकत घेण्यापूर्वी करावयाचे आहे, ही गोष्ट फार थोडे खरेदीदार ध्यानात घेतात.

याचे एक कारण मोटारीची सवय हे असावे. रस्त्यावर ताशी साठऐवजी ऐंशी किलोमीटरने गाडी हाकली तर पेट्रोल काहीसे जास्त लागते, परंतु घरखर्चाचे गणित त्याने कोलमडत नाही. पाण्याचे तसे नाही. पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट घन आहे आणि शिवाय ते चालत्या नौकेभोवती लाटा उठवते. या लाटा उठवण्यासाठी लागणारी शक्ती इंजिनाच्याच खिशातून जाते. नौकेचा वेग आणि तिने उठवलेल्या लाटा यांचा संबंध इंग्लंडमधील विल्यम फ्रूड या अभियंत्याने एकोणिसाव्या शतकात पद्धतशीरपणे तपासला. आधी डार्ट नदीत त्याने लहान प्रतिकृती ओढून पाहिल्या, आणि १८७२ मध्ये टॉर्की येथे खास बांधलेल्या हौदात मेणाच्या प्रतिकृतींवर प्रयोग सुरू केले. आजही जहाजाचा आराखडा याच मार्गाने तपासला जातो.

फ्रूडच्या प्रयोगांतून आलेला व्यवहारी नियम सोपा आहे. नौकेची पाण्याच्या रेषेवरील लांबी फुटांत घ्यावी, तिचे वर्गमूळ काढावे आणि त्यास १.३४ ने गुणावे. जो आकडा येईल तितके नॉट ही त्या नौकेची स्वाभाविक मर्यादा. (एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल, अर्थात १.८५२ किलोमीटर.) पंचवीस फुटी नौकेसाठी ही मर्यादा ६.७ नॉट, छत्तीस फुटींसाठी ८ नॉट. या वेगाला नौकेने उठवलेल्या लाटेची लांबी नौकेच्या लांबीइतकी होते. लाटेचे एक शिखर नाळेपाशी आणि दुसरे पिछाडीपाशी येते. वेग याहून वाढवू गेल्यास मागचे शिखर नौकेच्याही मागे सरकते, पिछाडी खळग्यात बसते, नाळ आकाशाकडे पाहू लागते, आणि नौका स्वतःच निर्माण केलेल्या टेकडीवर चढण्याचा खटाटोप करीत राहते. गोल पोटाच्या जड नौकेला हा चढ कधीच ओलांडता येत नाही, मग इंजिन कितीही मोठे बसवा. सपाट तळाची, हलकी आणि भरपूर शक्तीची नौका मात्र तो ओलांडून पाण्याच्या पृष्ठावर उचलली जाते आणि पुढे जणू घसरत जाते. हौसेच्या बहुसंख्य वेगवान नौका या दुसऱ्या प्रकारच्या असतात.

येथवरचे शास्त्र बहुतेक तांडेलांना हाताच्या अंदाजाने ठाऊक असते. जे सहसा कागदावर मांडले जात नाही, ते त्यातून निघणारे पैशांचे गणित. त्यासाठी मुंबईच्या नौकाधारकांच्या परिचयाचा मार्ग घेऊ : गेटवे ऑफ इंडिया ते मांडवा, अंतर सुमारे दहा सागरी मैल. नौका कल्पनेतील, परंतु बाजारात सर्रास मिळते तशी : पाण्याच्या रेषेवर तेहतीस फूट, वजन नऊ टन, जोडीला दोन डिझेल इंजिने, प्रत्येकी साडेतीनशे अश्वशक्तीची. डिझेल इंजिन दर अश्वशक्तीमागे ताशी साधारणतः एक पंचमांश लिटरहून किंचित कमी इंधन घेते. आराखडाकारांची नेहमीची सूत्रे लावली तर पुढील चित्र दिसते. आकडे अंदाजी आहेत, पण त्यांचे परस्परप्रमाण विश्वासार्ह आहे.

सात नॉटने, म्हणजे स्वाभाविक मर्यादेच्या थोडे खाली राहून, ही नौका ताशी दहा लिटरच्या आसपास डिझेल घेईल. मांडव्याला पोचण्यास एक तास सव्वीस मिनिटे आणि चौदा लिटर लागतील. अठरा नॉटने, म्हणजे पाण्यावर नीट उचलली गेल्यावर, ती तेहतीस मिनिटांत पोचेल आणि चाळीस लिटर घेईल. चोवीस नॉटने पंचवीस मिनिटे आणि चौपन्न लिटर. आणि या दोन टोकांच्या मधला, कागदावर समंजस वाटणारा अकरा नॉटचा वेग धरला तर? वेळ पंचावन्न मिनिटे, डिझेल एक्केचाळीस लिटर. म्हणजे अठरा नॉटइतकाच खर्च, आणि पोचायला बावीस मिनिटे उशीर. शिवाय नाळ वर उचललेली असल्याने सुकाणूवाल्याला समोरचे धड दिसत नाही आणि मागे उठणाऱ्या लाटा सर्वांत मोठ्या असतात. मध्यममार्ग हा जीवनात बहुधा शहाणपणाचा असतो. या एका प्रश्नात तो निव्वळ उधळपट्टीचा आहे. तरीही सुटीच्या दिवशी मुंबई बंदरात उभे राहून पाहिले तर नाळ वर करून, मागे पांढरा डोंगर ओढत, याच मधल्या वेगाने चाललेल्या नौका दिसतात. मालकाने 'जरा हळू घ्या' असे सांगितलेले असते आणि तांडेलाने थ्रॉटल थोडे मागे ओढलेले असते. दोघांचाही हेतू काटकसरीचा असतो.

बँकेच्या व्यवहाराची सवय असलेल्या वाचकाला या आकड्यांत आणखी एक गोष्ट दिसेल. सात नॉटवरून अठरावर गेल्यास बावन्न मिनिटे वाचतात आणि सव्वीस लिटर जास्त लागतात. म्हणजे वाचलेल्या प्रत्येक मिनिटाची किंमत अर्धा लिटर. डिझेल लिटरला नव्वद रुपये धरले तर मिनिटाला पंचेचाळीस रुपये. अठरावरून चोवीसवर गेल्यास आठ मिनिटे वाचतात आणि चौदा लिटर जास्त लागतात. येथे एक मिनिट जवळजवळ दीडशे रुपयांना पडते. पहिली खरेदी अनेकांना परवडेल, आणि ती अयोग्य म्हणता येणार नाही. ज्याच्या हाती आठवड्यातून एकच दिवस मोकळा आहे, त्याने बावन्न मिनिटांसाठी तेवीसशे-चोवीसशे रुपये मोजले तर त्यास उधळा कोण म्हणेल? दुसरी खरेदी मात्र डोळसपणे कोणी करीत असेल असे वाटत नाही. आठ मिनिटे आधी मांडव्याच्या धक्क्यावर पोचून बहुधा तेथे जागा रिकामी होण्याची वाटच पाहावी लागते.

येथे असा आक्षेप येईल की, ज्याला कोट्यवधींची नौका परवडते त्याने चौदा लिटर डिझेलची चिंता का करावी. आक्षेप वरवर बिनतोड वाटतो, परंतु प्रवासवेगाने ठरते ती केवळ इंधनाची रक्कम नव्हे. नौकेचा पल्लाही ठरतो. वरील नौकेच्या टाकीत आठशे लिटर डिझेल मावते असे समजू. दर्यावर्दी मंडळी टाकीचे तीन भाग कल्पितात : एक जाण्यासाठी, एक येण्यासाठी आणि एक अडीअडचणीसाठी, ज्याला हात लावावयाचा नाही. लांबच्या एकेरी प्रवासातही तो तिसरा हिस्सा राखीवच ठेवायचा. राहिलेल्या दोन हिश्श्यांत ही नौका अठरा नॉटने सुमारे एकशे तेहतीस सागरी मैल जाईल, सात नॉटने पावणेचारशेच्या आसपास. मुंबई ते मुरगाव हे अंतर सव्वादोनशे सागरी मैलांच्या घरात आहे. म्हणजे वेगाने निघालेली नौका टाकी कोरडी केली तरी गोव्याला पोचत नाही. तीच नौका सावकाश निघाली तर दीड दिवसाच्या आत, राखीव साठ्याला न शिवता, मांडवीच्या मुखाशी उभी राहते. ज्या मालकाला गोव्याचे स्वप्न दाखवून नौका विकली गेली, त्याला हे आधी कोणी सांगितलेले नसते.

अमेरिकी आरमारातील निवृत्त कप्तान रॉबर्ट बीबी यांनी हाच विचार टोकाला नेला. केवळ इंजिनाच्या बळावर, लहान नौकेतून महासागर ओलांडता येईल का, हा त्यांचा प्रश्न होता. 'पॅसेजमेकर' ही पन्नास फुटी नौका त्यांनी सिंगापुरात बांधवून घेतली आणि १९६३ मध्ये ती हिंदी महासागर व तांबड्या समुद्रातून ग्रीसपर्यंत नेली. तिचा आराखडाच मुळी साडेसात नॉटच्या आसपासच्या वेगासाठी होता. तिच्या लांबीच्या नौकेची स्वाभाविक मर्यादा नऊ नॉटची. बीबींनी मुद्दामच तिच्या बरेच खाली राहणे पसंत केले, कारण मर्यादेजवळच्या शेवटच्या एक-दोन नॉटांसाठी डिझेलचा फार मोठा हिस्सा खर्ची पडतो. आपल्या उदाहरणातील नौकाही सातऐवजी सहा नॉटने नेली तर ताशी डिझेल जवळपास एक तृतीयांशाने उतरते. बीबींच्या पुस्तकाने पुढे लांब पल्ल्याच्या मोटरनौकांची एक परंपराच उभी केली. त्यांनी आधी वेग ठरवला, मग पल्ला, आणि इंजिनाची निवड सर्वांत शेवटी केली. बाजारात याच्या नेमका उलटा क्रम चालतो.

मंद गतीची ही स्तुती ऐकून कोणी सदासर्वकाळ सात नॉटनेच जाऊ लागला तर तेही उचित होणार नाही. मुंबई बंदरात उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतील पातळीचा फरक चार मीटरहून अधिक होतो आणि त्या पाण्याची ओढ तितकीच जबर असते. दोन नॉटचा प्रवाह समोरून आला तर सात नॉटची नौका जमिनीच्या हिशेबाने पाचच नॉट चालते. सव्वा-दीड तासाचा प्रवास दोन तासांचा होतो आणि चौदाचे वीस लिटर होतात. अठरा नॉटच्या नौकेला त्याच प्रवाहाने जेमतेम चार मिनिटांचा विलंब होतो. म्हणून सावकाश जाणाऱ्याने घड्याळापेक्षा पंचांग आधी पाहावे. पौर्णिमा-अमावस्येच्या उधाणात पाण्याच्या ओढीबरोबर निघावे, अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असताना हवे तेव्हा निघावे, हे कोळीवाड्यातील पोरालाही कळते. प्रवाह विरुद्ध असताना वेग किंचित वाढवणे आणि अनुकूल असताना कमी करणे हे काटकसरीचेच लक्षण आहे.

वाऱ्याचेही असेच आहे. हिवाळ्यातील सकाळी समुद्र तेलासारखा निवांत असतो. त्या वेळी अठरा नॉटने जाण्यात खरोखर आनंद आहे. दुपारनंतर खारे वारे सुटले की आखूड, उभ्या लाटा उठतात. त्यांवरून अठरा नॉटने जाणारी नौका प्रत्येक लाटेवर आपटते. त्या आपटण्याने पाठीच्या मणक्यांना आणि गुडघ्यांना जे बसते त्याची नोंद कोणत्याही माहितीपत्रकात नसते, परंतु घरातील वडीलधारी मंडळी दुसऱ्यांदा नौकेत पाऊल ठेवण्यास का नकार देतात याचे उत्तर बहुधा तेथेच असते. एका नौकेला एकच प्रवासवेग असतो ही समजूत म्हणूनच सोडून द्यावी लागते. दोन वेग असावेत : एक मर्यादेखालचा, निवांत, दुसरा नौका नुकती नीट उचलली गेल्यावरचा. कोणत्या दिवशी कोणता, हे समुद्राला विचारून ठरवावे. यास एक अपवाद आहे. पायलट बोटींसारख्या काही नौकांचा तळ मुद्दाम मधल्या वेगासाठी घडवलेला असतो. परंतु त्या वेगासाठी त्यांना लागणारे इंधन थोडे नसते, आणि पायलट बोटीला मोठ्या जहाजापर्यंत कोणत्याही हवेत पोचायचे असते. हौसेच्या नौकेला ती निकड नाही.

कायद्याची बाजूही आहे. समुद्रातील टकरी टाळण्यासाठी १९७२ मध्ये केलेल्या आणि १९७७ पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय नियमांतील सहावा नियम प्रत्येक नौकेला सदैव 'सुरक्षित वेगाने' जाण्यास बांधून घालतो. त्यात आकडा नाही. दृश्यता, रहदारी, नौका थांबवण्या-वळवण्याची क्षमता, वारा, लाटा, प्रवाह, पाण्याची खोली यांचा विचार करून वेग ठरवावा, एवढेच तो सांगतो. मुंबईच्या किनाऱ्यावर या यादीत डोल जाळ्यांची भर घालावी लागते. प्रवाहात रोवलेली ही जाळी आणि त्यांचे तरंगते बोये संधिप्रकाशात शेवटच्या क्षणी दिसतात. पावसाळ्यानंतर वाहून आलेले ओंडके तर दिसतही नाहीत. सात नॉटने त्यांवर गेलेली नौका फार तर पंख्याला पीळ बसवून घेईल; चोवीस नॉटने गेलेली तळ फोडून घेईल. धरमतरसारख्या खाडीत आणखी एक मौज आहे. पाणी तीन मीटर खोल असेल तर त्यात लाट सुमारे साडेदहा नॉटहून वेगाने धावू शकत नाही; त्याच सुमाराच्या वेगाने जाणारी नौका आपल्या लाटा मागे टाकू शकत नाही आणि त्या साचून राक्षसी होतात. पुन्हा तोच बदनाम मधला वेग. त्या लाटा काठाची माती ढासळवतात आणि नांगरलेल्या लहान होड्या पालथ्या करतात. केरळच्या बॅकवॉटरमध्ये किंवा गोव्यातील नद्यांत अरुंद पाण्यावरून जाणाऱ्यांना हाच विवेक ठेवावा लागतो. मासेमारीवर पोट भरणाऱ्याची होडी एखाद्याच्या सहलीपायी उलटावी, यासारखी लाजिरवाणी गोष्ट नाही.

इंजिनाविषयी थोडक्यात. हौसेच्या नौकांवरील इंजिनांचा कमाल शक्तीचा आकडा अखंड चालवण्यासाठी नसतो. दर आठ-बारा तासांत एखादाच तास, अशा प्रकारच्या अटी उत्पादकांच्या पुस्तिकेतच असतात. कमाल फेऱ्यांपेक्षा दोनशे-तीनशे फेऱ्या खाली राहणे ही किमान शिस्त होय. पेट्रोलवर चालणाऱ्या आउटबोर्ड इंजिनांचा काटकसरीचा टप्पा सामान्यतः साडेतीन ते चार हजार फेऱ्यांच्या दरम्यान सापडतो. उलट, मोठे डिझेल इंजिन दिवसभर अगदी हलक्या भारावर रखडवले तर ते पुरेसे तापत नाही आणि त्यात काजळी धरते. म्हणून सावकाश प्रवासाच्या अखेरीस दहा-पंधरा मिनिटे त्याला जोराने चालवण्याची प्रथा आहे. यावरूनच एक प्रश्न उद्भवतो : ज्याला बहुतांश काळ सात नॉटनेच फिरायचे आहे, त्याने सातशे अश्वशक्ती विकत का घ्यावी? तेवढ्या वेगासाठी त्याच आकाराच्या नौकेला शंभर-सव्वाशे अश्वशक्तीचे एक इंजिन पुरून उरते. दुसऱ्या इंजिनाची किंमत, त्याच्या तेलाचा, फिल्टरचा, पंख्याचा खर्च, आणि नौका कर्जाने घेतली असल्यास त्यावरील व्याज, हे सारे त्या कधीतरीच वापरल्या जाणाऱ्या वेगाचे मोल आहे. हप्ता ठरावीक असल्याने तो खुपत नाही एवढेच.

नौका आधीच घेऊन झाली असेल, तर एक रविवार आणि एक वही पुरेशी आहे. शांत पाण्यात, ज्ञात अंतरावर, दर दोनशे फेऱ्यांमागे नौका एकदा जाताना आणि एकदा येताना चालवावी, म्हणजे प्रवाहाचा परिणाम निघून जातो. जीपीएसवरील वेग आणि इंधनमापकावरील ताशी लिटर टिपून एकास दुसऱ्याने भागले की प्रत्येक मैलाचा खर्च मिळतो. तो कोठे अचानक चढतो आणि कोठे पुन्हा सपाट होतो, हे दोन ओळींत दिसते. हेच त्या नौकेचे दोन प्रवासवेग. ही वही मालकाच्या कपाटात न ठेवता सुकाणूपाशी, तांडेलाच्या हाताशी ठेवावी. तांडेलाला 'हळू' आणि 'जोरात' एवढेच शब्द देऊन त्याच्याकडून काटकसरीची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. वही दर सहा महिन्यांनी पडताळावी, कारण आपल्या उष्ण पाण्यात तळाला शेवाळ आणि शिंपले लवकर चिकटतात आणि तोच वेग दीडपट डिझेल मागू लागतो.

जुनी नौका विकत घेताना हीच चाचणी विक्रेत्यासमोर करावी, आणि तिची सुरुवात पूर्ण थ्रॉटलपासून करावी. इंजिनाच्या पाटीवर छापलेल्या कमाल फेऱ्या गाठल्या गेल्या नाहीत आणि मागून काळा धूर येत राहिला, तर पंखा त्या नौकेला भारी आहे, तळ घाण आहे किंवा इंजिन थकले आहे. पहिल्या दोन गोष्टी पंखा बदलून आणि नौका ओढून घेऊन दुरुस्त होतात. तिसरीची शंका असेल तर नौका धक्क्यावर परत आणावी आणि किमतीची बोलणी इंजिनतज्ज्ञाचा लेखी अहवाल हाती आल्यावरच पुढे न्यावीत.